मोहाखाली खराटा

आमच्या मामाजींना दया सुचली ती पेन्शन लागल्यावर. तोवर बिचाऱ्यांना सवडच नव्हती. माझे हे सासरे जंगलखात्यात नाकेदार होते. चांद्याच्या रानात सरपणाच्या मोळ्या आणि बायांच्या कुऱ्हाडी जप्त करण्यात त्यांची उभी हयात गेली. मी वरोऱ्याहून लग्न होऊन आले, तेव्हा त्यांच्या बुटांचा आवाज ऐकून गल्लीतली कुत्रीसुद्धा बाजूला होत.

त्यांचा खास राग मोहाखालच्या जाळावर. फुलं पडायच्या दिवसांत बाया झाडाखालचा पाला जाळून जागा साफ करत, म्हणजे पावसाळ्यात खायला-विकायला सुकवायची ती फुलं वेचणं सोपं जाई. कधी तो जाळ रानात पसरे. जाळू नका, झाडून घ्या, असं मामाजी ओरडत फिरत. एका वर्षी जंगूबाई नावाच्या गोंड बाईनं जाळलंच, तर त्यांनी तिची फुलांनी भरलेली टोपली निखाऱ्यांत उलटी केली. सरकारचं काम अगदी चोख झालं. त्या पावसाळ्यात तिच्या चुलीवर काय शिजलं, ते विचारायला सरकार काही गेलं नाही.

पेन्शनीत आल्यावर एका पहाटे स्वारी खराटा घेऊन रानात निघाली. झाडून तर पाहू, म्हणाले. अर्ध्या तासात कंबर धरून परत आले आणि दिवसभर आडवे.

"सूनबाई," संध्याकाळी म्हणाले, "बत्तीस वर्षं लोकाईले झाडा म्हणत होतो. मी एकदाई झाडून नाई पाह्यलं."

चला, अक्कल आली, तीही गुडघे गेल्यावर, असं मी मनात म्हटलं.

मग रोजचंच झालं. जंगूबाईच्या वाट्याला तीन मोह होते, तेच हे झाडत. घाई म्हणून नाही. मुंग्यांची रांग आडवी आली की महाराज खराटा उचलून उभे, रांग संपेस्तोवर. हात चालता ठेवला की मन चिडत नाही, हे नवं ज्ञान मला चहासोबत रोज मिळे. आमच्या अंगणातला कचरा मात्र त्या चालत्या हाताला कधी दिसला नाही.

जंगूबाई यायची, साफ जागेवरची फुलं वेचायची आणि न बोलता निघून जायची. असे तीन हंगाम गेले. बोलली का, असं मी मुद्दाम विचारी. मामाजी मान हलवत आणि अर्धं जेवण टाकून उठत. तिच्या एका शब्दासाठी माणूस झुरत होता आणि मी हसत होते. आज त्याची लाज वाटते.

चौथ्या वर्षी ऐन हंगामात ते तापानं पडले. पाचव्या दिवशी जंगूबाई आमच्या दारात उभी! ती सरळ त्यांच्या खाटेपाशी येऊन बसली. मामाजींनी हात जोडले.

"बाई, तुमची टोपली मी..."

"याद हाय मले," ती म्हणाली. "मरेपर्यंत याद राहीन."

मामाजींची मान खाली गेली. ती पदर सावरून उठली.

"पण तू काऊन पडून राह्यला? ताप उतरला का ये. एक झाड मी झाडीन, दोन तू झाड."

ताप उतरायची वाट कोण बघतो! दुसऱ्या पहाटे खाट रिकामी. मी तोंडानं लाखोली वाहत, घोंगडी घेऊन मागे धावले. मोहाखाली दोघं म्हातारे एकमेकांकडे पाठ करून झाडत होते. मामाजी धापा टाकत होते, पण चेहरा असा खुललेला मी त्या घरात कधी पाहिला नव्हता. मला रडूच आलं.

जंगूबाईनं माझ्याकडे एकवार पाहिलं आणि राहिलेल्या झाडाकडे बोट केलं. मी घोंगडी खाली ठेवली आणि पदर खोचला.