फ्रिजमधला बिबट्या

लेंडीताईचं खरं नाव तिच्या ओळखपत्रावर होतं आणि तिथेच ते सुखाने नांदत होतं. बाकी प्रयोगशाळेतल्या झाडूवालीपासून जंगलातल्या वाटाड्यापर्यंत सगळे तिला लेंडीताईच म्हणत. वास्तविक लेंडी असते शेळीची आणि ही गोळा करायची बिबट्याची विष्ठा. पण टोपणनाव ठेवणारे काय पुस्तक उघडून ठेवतात?

एकदा बसमध्ये मांडीवर डबा घेऊन बसली होती. शेजारच्या बाईने मायेने विचारलं, "डब्यात काय गं? माहेरचं काही?"

"बिबट्याचं आहे," ही म्हणाली. "सकाळचंच."

पुढचा थांबा यायच्या आत अख्खं बाक मोकळं झालं. तेव्हापासून त्या बसमध्ये तिला बसायला जागा मिळाली नाही असं कधी झालं नाही.

आता एवढी शिकलेली बाई ही असली घाण कशाला गोळा करते, असं कुणालाही वाटेल. पण त्यात गंमत आहे. जनावराच्या पोटातून बाहेर पडताना विष्ठेला आतड्याच्या अस्तराच्या पेशी चिकटून येतात. त्या पेशींतून डीएनए काढला की जनावर न बघताही कळतं की हा नर की मादी, कुणाचा कोण, कालचाच की नवा. माणसाचा अंगठ्याचा ठसा म्हणा ना. बिबट्या काही अंगठा द्यायला येत नाही. तो जे देतो ते घ्यायचं.

तिची दोन जंगलं होती, एक उत्तरेचं आणि एक दक्षिणेचं. मधे शेतं, घरं, एक वीटभट्टी, आणि ओढ्याच्या काठाने गेलेला झाडांचा एक अरुंद पट्टा. या पट्ट्यातून जनावरं इकडची तिकडे जातात, असं तिचं म्हणणं. नेमका त्याच पट्ट्यावरून नवा रस्ता जायचा होता. रस्त्याचा निर्णय घेणाऱ्या समितीने सरळ विचारलं, "जनावरं खरंच जातात का? पुरावा द्या, रस्ता वळवू. नाहीतर झाडं काढू." कॅमेरे लावून पाहिले, तर कॅमेरेच चोरीला गेले. मग उरली विष्ठा.

आणि पुरावा सापडला! उत्तरेकडच्या नमुन्यातला नर आणि दक्षिणेकडच्या नमुन्यातला नर एकच निघाला. म्हणजे हा गडी पट्ट्यातून गेला होता. समितीने मान डोलावली, रस्ता वळवायचं जवळजवळ ठरलं. लेंडीताई त्या दिवशी घरी आली ती हवेतच.

रात्रीच्या जेवणाला तिने सगळं रंगवून सांगितलं. नवरा ऐकत होता. सासूबाईही ऐकत होत्या, पण त्यांचा घास हातातच राहिला होता.

"म्हणजे दोन्हीकडे तोच?" त्यांनी विचारलं.

"तोच, आई."

"आणि हे कळलं त्या बाटल्यांवरून? आपल्या फ्रिजमध्ये ठेवल्या होत्यास त्या?"

"हो. प्रयोगशाळेतली वीज गेली होती ना, जनरेटरही बंद. म्हणून आणल्या होत्या."

"दक्षिणेची म्हणजे निळ्या झाकणाची का गं?"

"निळ्या झाकणाची. का हो?"

सासूबाईंनी घास ताटात ठेवला. "ती माझ्या हातून पडली होती."

"आई!" नवरा ओरडला.

"ओरडू नकोस मेल्या. फ्रिज पुसत होते. झाकण निघालं, सगळं फरशीवर. म्हटलं, पोर एवढं रान तुडवून आणते, आता साहेबांची बोलणी खाईल. उत्तरेच्या लाल झाकणाच्या बाटलीत भरपूर होतं, त्यातलं निम्मं निळीत घातलं. एका पातेल्यात दूध कमी पडलं की आपण दुसऱ्यातलं नाही का घालत? शेवटी घाण ती घाण!"

नवऱ्याला आधी हसू फुटलं. मग त्याने बायकोचा चेहरा पाहिला आणि हसू गिळलं. सासूबाईंना आपण काय केलं ते नीटसं कळलं नव्हतं, पण काहीतरी मोठं सांडलंय एवढं कळलं. त्या हळूच म्हणाल्या, "मी कुणाला सांगायची नाही हो."

खरं सांगायचं तर या वाक्याने लेंडीताईची जास्त पंचाईत केली. रागावता आलं असतं तर बरं झालं असतं. पण म्हातारीने जे केलं ते तिच्यासाठीच केलं होतं, आणि आता जे देऊ करत होती तेही तिच्यासाठीच. कुणाला कळणार होतं? पट्टा वाचत होता. बिबटे तिथून जातात यावर तिचा स्वतःचा विश्वास होता. ओढ्याच्या चिखलात तिने पाऊल पाहिलं होतं. म्हणजे उत्तर खोट्या वाटेने आलं तरी खऱ्याच मुक्कामाला पोचलं होतं, नाही का?

दुसऱ्या दिवशी तिने निळ्या झाकणाची बाटली पुन्हा तपासायला घेतली. यंत्राच्या आलेखात त्या नराच्या ठळक खुणा, आणि त्यांच्या मागे पुसट अशा दुसऱ्याच कुणाच्या तरी. तळाशी जे राहिलं होतं ते. तिचे हात थांबले, कारण या पुसट खुणा तिने पहिल्या वेळीही पाहिल्या होत्या. तेव्हा म्हणाली होती, यंत्राची खरखर असेल. सासूबाईंनी तर नुसती बाटली भरली. न दिसल्यासारखं तिचं तिनेच केलं होतं. हवं ते उत्तर समोर आलं की शिकलेल्या डोळ्यालाही झापड येते ती अशी.

ती उठून प्रयोगशाळेच्या प्रमुखांकडे, सरांकडे गेली. सर निवृत्तीला आलेले, स्वभावाने तापट, पण मनाने लोणी. त्यांनी ऐकून घेतलं आणि चष्मा टेबलावर टाकला.

"हात दाखवून अवलक्षण करून घेणार तू! पट्टा जाईल."

"जाईल, सर."

"तुला मनापासून काय वाटतं? जातात का जनावरं तिथून?"

"जातात."

"मग?"

"मनापासून तर मला आधीही वाटतच होतं, सर. मग तपासलं कशाला?"

सरांनी चष्मा उचलून पुसला आणि परत डोळ्यांवर चढवला. शेवटी म्हणाले, "जा. पण समितीपुढे एकटी जायचं नाही, मी तुझ्या शेजारीच बसणार आहे."

समितीपुढे तिने सासूबाईंचं नाव घेतलं नाही. "नमुने घरी न्यायची परवानगी नसते. मी नेले. तिथे ते मिसळले. चूक माझी," एवढंच म्हणाली. रस्त्याचा इंजिनियर जाडजूड, हसरा माणूस होता. तो म्हणाला, "म्हणजे बिबट्या नाही फिरला, बाटली फिरली!" सगळी खोली खदखदली. लेंडीताईचे कान तापले, पण ती खाली बसली नाही.

अध्यक्षबाईंनी विचारलं, "मग जनावरं पट्टा वापरत नाहीत, असं लिहू?"

"तसं नका लिहू. माहीत नाही, असं लिहा."

"समितीला माहीत नाही असं लिहिता येत नाही हो, ताई."

"मग पावसाळा संपेपर्यंत थांबा."

इंजिनियरने खांदे उडवले. पावसात त्याची यंत्रं चिखलात रुतणारच होती. तो म्हणाला, "थांबू. तेवढंच ताईंनाही भिजता येईल."

आणि ती भिजली. पावसात विष्ठा शोधणं म्हणजे गवतात पडलेली सुई शोधणं, आणि सुईसुद्धा विरघळणारी. वाटाड्यामामा पुढे, ती मागे. कपारीखाली, झाडाच्या ढोलीत, जिथे पाणी पोचत नाही तिथे ते दोघं गुडघ्यांवर बसून शोधत. दुधाने तोंड भाजलेलं, त्यामुळे ती ताकही फुंकत होती: जागेवरच प्रत्येक नमुन्याचे दोन भाग करायचे, एक आपल्या प्रयोगशाळेत, दुसरा दूरच्या एका प्रयोगशाळेत, आणि तो कुठून आणला हे त्यांना सांगायचंच नाही.

निकाल आला तो पहिल्याइतका झगझगीत नव्हता. दोन्हीकडे एकच बिबट्या असं काही निघालं नाही. पण दक्षिणेत एक तरुण नर सापडला आणि त्याची आई उत्तरेत निघाली. दोन्ही प्रयोगशाळांनी तेच सांगितलं. आता मुलगा काही उडत गेला नसणार.

सासूबाईंना हे समजवायला तिने त्यांना प्रयोगशाळेत नेलं. बिचाऱ्या त्या रात्रीच्या जेवणापासून फ्रिजकडे चोरट्या नजरेने बघत असत. त्यांनी आलेख पाहिला, समजल्यासारखी मान हलवली आणि विचारलं, "मुलगी कुठे गेली मग?"

"बिबट्यांमध्ये मुली बहुतेक आईच्या शेजारीच घर करतात. मुलगेच लांब जातात."

"अगं बाई! म्हणजे लेक माहेरी आणि मुलगा घरजावई!" म्हातारी इतक्या मोठ्याने हसली की यंत्रावरचा माणूस दचकला. मग डोळे पुसत म्हणाली, "त्याची वाट नका गं बंद करू. आईकडे नाही यायचा तो, पण वाट असावी."

दुसऱ्या बैठकीत इंजिनियरने विचारलंच, "या वेळी कुणाच्या फ्रिजमधून?" लेंडीताईने दोन्ही प्रयोगशाळांचे निकाल त्याच्यापुढे सरकवले. त्याने ते वाचले, परत वाचले, आणि पुढे विनोद केला नाही. पण रस्ता वळवायची वेळ आता टळून गेली होती. मधल्या काळात पट्ट्यापलीकडच्या जमिनी जुन्या आखणीप्रमाणे रस्त्यासाठी घेऊन झाल्या होत्या. ठरलं ते असं: ओढ्यावर रस्ता खांबांवरून उंच न्यायचा, पट्टा खालून मोकळा सोडायचा. कडेची झाडं मात्र जायची. पहिल्या बैठकीत ती गप्प बसली असती तर तीही वाचली असती, हे तिला ठाऊक होतं. वाटाड्यामामांनाही. तोडायची खूण केलेल्या एका झाडावर त्यांनी हात ठेवला.

ओढ्याकाठी खांबांच्या जागी खुंट्या ठोकल्या होत्या. इंजिनियर टोपी मागे सारून म्हणाला, "ताई, आता तुम्हीच सांगा. दोन खांबांत किती जागा लागेल तुमच्या घरजावयाला?" हा शब्द त्याच्यापर्यंत कसा पोचला देव जाणे.

"जेवढी देता येईल तेवढी."

"तसं नको. तुम्हाला माहीत असेल तेच सांगा."

ती खुंटीपासून ओढ्याकडे पाठ करून चालत गेली. जिथे चिखल संपून गवत सुरू होत होतं, जिथून पलीकडची झाडं न वाकता दिसत होती, तिथे थांबली आणि वळून म्हणाली, "इथपर्यंत. याच्या आत खांब आला तर बिबट्या जाईल की नाही, मी सांगू शकणार नाही."

इंजिनियरने पुलाची लांबी मनातल्या मनात वाढवून पाहिली, कपाळ चोळलं, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला. मग स्वतः खाली वाकून त्याने खुंटी उपटली आणि ती हातात घेऊन तिच्याकडे चालू लागला.