कापसाच्या रांगेतली इंधनबचत

बैलगाडीला इंधन लागत नाही, हे विधान पूर्णपणे बरोबर नाही. मी एकदा बैलगाडीने कार्यालयात जायला निघालो होतो. त्या एका प्रवासात एका मोपेडचे पेट्रोल आणि एका सरकारी जीपचे डिझेल खर्ची पडले, आणि मी मात्र कार्यालयात पोहोचलो नाही. हे कसे घडले ते क्रमाने सांगतो. (क्रम सोडून सांगितलेले कोणाच्याही लक्षात राहत नाही, असा वर्गातला माझा अनुभव आहे.)

मी मूळचा शिक्षक. पुढे परीक्षा देऊन धुळ्याच्या एका सरकारी कार्यालयात अधिकारी झालो. पत्नी नलिनी जळगावच्या शाळेत शिक्षिका होती आणि आमचे बिऱ्हाडही तिथेच होते. शनिवारी संध्याकाळी मी एसटीने जळगावला जात असे आणि सोमवारी पहाटे परत येत असे. मधले दिवस माझा मुक्काम धुळ्याच्या हद्दीला लागून असलेल्या खेड्यात, नलिनीचे थोरले भाऊ नाना यांच्या घरी असे. जावयाने सासुरवाडीला दोन दिवस राहावे असा संकेत आहे. मी चार वर्षे राहिलो. पहिल्या वर्षी माझ्या ताटाभोवती रांगोळी असे. चौथ्या वर्षी वहिनी "ताट त्या फळीवर आहे" एवढेच सांगत.

त्यामुळे जळगावला बदली हा आमच्या संसारातला एकमेव मोठा प्रश्न होता. अर्ज नाशिकच्या साहेबांकडे पडून होता.

अशात, ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस एका हिवाळ्यात, इंधन वाचवा असा वरून आदेश आला. कर्मचाऱ्यांनी शक्यतो पायी, सायकलने किंवा एसटीने कामावर यावे, असे त्यांचे मन वळवायचे होते. मन वळवण्याचे काम आमच्या साहेबांनी माझ्यावर सोपवले, कारण माझे अक्षर चांगले होते आणि माझ्याकडे वाहन नव्हते.

मी कामाला लागलो. कार्यालयाच्या दाराशी फळा टांगून त्यावर रोज एक सुविचार लिहू लागलो. 'चालणाऱ्याचे आरोग्य चालते, बसणाऱ्याचे बसते' हा पहिला. तो वाचून शिपाई गंगाराम माझ्या टेबलाशी आला.

"साहेब, मी नोकरीला लागलो तेव्हापासून पायीच येतो. मागचं काही मिळंल का?"

"मागचं काय?"

"कौतुक."

तशी तरतूद नव्हती. मी त्याला तसे सांगितले.

खरा प्रश्न कनिष्ठ लिपिक सोनवणेचा होता. त्याने नुकतीच नवी मोपेड घेतली होती आणि तिचा दसऱ्याचा हार अजून उतरवला नव्हता.

"सोनवणे, उद्यापासून पायी यायचं."

"साहेब, मी देवपूरला राहतो."

"पांझरा नदीच्या पलीकडून माणसं पूर्वापार चालतच गावात आली आहेत."

"पूर्वापार त्यांना मस्टरवर सही नव्हती ना साहेब."

पण दुसऱ्या दिवसापासून सोनवणे खरोखर पायी येऊ लागला. एवढे अंतर चालून येऊनही त्याच्या सदऱ्याची इस्त्री मोडलेली नसे आणि कपाळावर घामाचा थेंब नसे. हा चालण्याच्या सवयीचा परिणाम आहे, असे मी इतरांना समजावून सांगितले. (माझ्या मोहिमेतले ते एकमेव उदाहरण होते, त्याची तपासणी करण्याची मला घाई नव्हती.)

आठवडाभराने सर्वांसमोर सोनवणेने मलाच विचारले, "साहेब, आपण नानांच्या फटफटीवर मागे बसून येता. मागच्या माणसाला पेट्रोल लागत नाही का?"

प्रश्न योग्य होता. मला सायकल येत नाही. लहानपणी एकदाच बसलो होतो, तेव्हा एका म्हशीने मला थांबवले. पायी यायचे तर माझा गुडघा दुखतो. आणि त्याच सुमारास निरोप आला की येत्या शनिवारी नाशिकचे साहेब आमची मोहीम पाहायला येणार आहेत. शिवाय पती-पत्नीच्या बदलीची प्रकरणे ते त्याच वेळी दोघांना समोर बसवून ऐकणार होते. पुढच्या आठवड्यात याद्या निघायच्या होत्या. शनिवारी जमले नाही तर आणखी एक वर्ष फळीवरचे ताट.

म्हणून मी बैलगाडीने जायचे ठरवले.

शुक्रवारी रात्री नलिनी जळगावहून आली. तिने माझे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"बैलगाडीतून? नाशिकच्या साहेबांसमोर?"

"मोहीम माझी आहे. आदर्श मीच घालून द्यायला हवा."

"तुम्हाला गाडी हाकता येते?"

"नाना हाकतील."

"आपण एसटीने गेलो तर?"

"एसटीला डिझेल लागतं."

"आपण चढलो नाही तरी ती जाणारच आहे ना."

(तिचे तर्कशास्त्र असेच अवेळी अचूक असते.)

शनिवारी सकाळी नानांनी गाडी जुंपली. उजवीकडे गुलब्या, डावीकडे चांद्या. दिवाळीनंतर दोघांनी एकच काम केले होते: घरचा कापूस सरकारी खरेदीसाठी जिनिंगवर, म्हणजे सरकी काढण्याच्या कारखान्यावर, नेणे. आदल्याच दिवशी शेवटची खेप झाली होती. आम्ही कोरे कपडे घालून घोंगडीवर बसलो. गावाबाहेर नानांच्या विहिरीपाशी येतो न येतो, तोच तिथल्या खांबावरचा दिवा लागला. शेतातली वीज आल्याची ती खूण. ती केव्हा येईल ते कोणाला ठाऊक नसे, आणि आली की केव्हा जाईल ते तिलाही ठाऊक नसे. नानांनी चालत्या गाडीतून उडी मारली.

"लाईट उनी! मास्तर, तुम्ही चला. मी गहूले पाणी लावस."

"अहो नाना, आणि गाडी?"

"चिंता करू नका. बैलस्ले वाट माहीत शे."

"कुठली वाट?" मी विचारले. पण नाना तोवर गव्हातून पाण्याच्या मोटारीच्या खोपीपर्यंत पोहोचले होते.

कासरा ज्या बाजूला ओढावा त्या बाजूला बैल वळतो, हे मी चौथीच्या वर्गाला अनेक वर्षे शिकवले होते. हे बैल माझ्या वर्गात नव्हते. शहराच्या तोंडाशी रस्ता फुटतो. उजवा फाटा कार्यालयाकडे आणि डावा जिनिंगकडे जातो. मी उजवा कासरा ओढला. गुलब्याने मान वळवून माझ्याकडे एकदा पाहिले आणि दोघे डावीकडे वळले.

"कार्यालय इकडून आहे?" नलिनीने विचारले.

"नाही."

"मग आपण इकडे का चाललोय?"

"त्यांचा तसा निर्णय झालेला दिसतो."

ज्यांनी त्या काळातली कापूस खरेदी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट स्पष्ट करतो. जिनिंगच्या फाटकाबाहेर भरलेल्या गाड्यांची रांग लागे. एकेका गाडीचा नंबर लागायला दिवस जात. शेतकरी बैल सोडून गाडीखालीच झोपत, तिथेच चूल मांडत. रांग एका अरुंद रस्त्यावर होती. एका बाजूला जिनिंगची भिंत, दुसऱ्या बाजूला नाला. आमचे बैल त्या रांगेच्या शेपटाशी गेले, पुढच्या गाडीतल्या कापसाला नाक लावले आणि कर्तव्य पार पाडल्याच्या समाधानाने उभे राहिले. मी गाडी वळवण्याचा विचार करीत होतो, तेवढ्यात मागून दुसरी गाडी येऊन टेकली. तिच्या मालकाने बैल सोडले, जू जमिनीवर ठेवले आणि तो चहाला निघून गेला.

पुढच्या गाडीवरून एक म्हातारे गृहस्थ खाली उतरले. दगडू आबा त्यांचे नाव. त्यांनी आमच्या गाडीत डोकावून पाहिले. गाडीत एक घोंगडी, एक डबा, एक शिक्षिका आणि मी.

"कापूस कोठे शे?"

"कापूस नाही."

"मंग रांगमा कसाले उभा शेतस?"

"आम्ही उभे राहिलो नाही, आबा. बैल उभे राहिले."

आबांनी या उत्तरावर थोडा विचार केला आणि मागे वळून हाक दिली, "दखा रे! रिकामी गाडी लीसन नंबर धरी ऱ्हायना. व्यापारीना माणूस शे!"

आरोप गंभीर होता. काही व्यापारी रिकाम्या गाड्या रांगेत घुसवून नंबर अडवतात, असा तिथे सर्वांचा संशय असे, आणि इस्त्रीच्या पँटमधला माणूस रिकाम्या गाडीत बसलेला त्यांना प्रथमच हाती लागला होता. पाहता पाहता भोवती माणसे जमली. मी गाडीत उभा राहिलो आणि त्यांना सर्व मुद्देसूद समजावले: देशाचे इंधन, परदेशी चलन, हवेतला धूर, कर्मचाऱ्यांचे कर्तव्य. भाषण कार्यालयासाठी पाठ केलेले असल्यामुळे शेवटी मी "उपस्थित अधिकारीवर्गाचे" आभारही मानले.

सगळे शांतपणे ऐकत होते. मग आबा म्हणाले, "आम्ही परवापाईन आठेच, रांगमाच शेतस. ना पेट्रोल, ना डिझल. बठ्ठी बचतच शे. आमना बी सत्कार करा."

"आबा, मला फक्त गाडी बाहेर काढून द्या."

"कशी काढशात? पुढे जागा नही, मांगे जागा नही. बैल सोडा नि चहा प्या."

नलिनीने घड्याळ पाहिले. नाशिकचे साहेब कार्यालयात आलेले असणार आणि दुपारी जेवून परत जाणार होते.

"आपण पायी जाऊ," ती म्हणाली.

"आणि नानांचे बैल?"

"मग मी जाते, तुम्ही बैल सांभाळा."

"दोघांनी हजर राहायचं आहे."

"निदान अर्धे तरी हजर राहू."

एवढ्यात नाल्याच्या कडेच्या पायवाटेवरून मोपेडचा आवाज आला. मोपेडला झेंडूचा वाळलेला हार होता. सोनवणे रोज याच आडवाटेने येई, जिनिंगसमोरच्या चहावाल्याकडे मोपेड ठेवी आणि तिथून उरलेले अंतर सावकाश चालत कार्यालयात येई, हे मला त्या क्षणी समजले. मला पाहताच त्याने इंजिन बंद केले आणि तो खाली उतरून मोपेड ढकलू लागला.

"नमस्कार साहेब. नुसती ढकलत नेतोय."

"सोनवणे, आज तू इतक्या उशिरा?"

"चालत आलो ना साहेब, वेळ लागतो."

मी मोपेडकडे पाहिले. त्याने बैलांकडे पाहिले. आम्ही दोघांनीही आणखी काही न विचारण्याचे एकाच वेळी ठरवले.

"बाईंना कार्यालयात सोड," मी म्हणालो.

"मोपेडवर?"

"हो."

"पेट्रोलवर, साहेब?"

"सोनवणे, माझा अंत पाहू नकोस."

आणि अशा रीतीने इंधनबचत मोहिमेच्या प्रमुखाने आपल्या पत्नीला मोपेडवर बसवून नाशिकच्या साहेबांसमोर रवाना केले. कार्यालयाच्या पायऱ्यांवर त्या वेळी नाशिकचे साहेब, आमचे साहेब आणि सर्व कर्मचारी मला पाहण्यासाठी उभे होते. फळ्यावर मी आदल्या संध्याकाळी लिहिलेला सुविचार होता: 'आज इंधनाचा एकही थेंब नाही.' त्या फळ्यासमोर सोनवणेने ब्रेक दाबला. (हे मला गंगारामने नंतर सांगितले. तो पायीच आला होता आणि त्याच्याकडे कोणी पाहिले नाही.)

"आणि तुमचे यजमान?" नाशिकच्या साहेबांनी विचारले.

"कापसाच्या रांगेत आहेत," नलिनी म्हणाली.

"कापूस आहे त्यांचा?"

"नाही."

साहेबांनी नोकरीत पुष्कळ पाहिले होते, पण हे पाहिले नव्हते. त्यांनी जीप काढायला सांगितली आणि आमच्या साहेबांना बरोबर घेतले.

जीप नाल्यापलीकडे थांबली, तेव्हा मी आबांच्या सल्ल्याप्रमाणे बैल सोडून चहा घेत होतो. केसांवर कापूस उडून बसला होता. साहेबांनी नाला ओलांडायचे टाळले आणि पलीकडूनच आबांना विचारले, "हे गृहस्थ कोण?"

"व्यापारीना माणूस शे," आबांनी ठामपणे सांगितले.

"सर, मी इंधनबचतीचं काम पाहतो," मी बशी हातात धरून उभा राहिलो.

साहेब बराच वेळ माझ्याकडे, बैलांकडे आणि धुरळा उडवत धडधडणाऱ्या जीपकडे पाहत राहिले. मग आमच्या साहेबांकडे वळून म्हणाले, "यांचं घर जळगावला कार्यालयाच्या समोरच्या बोळात आहे म्हणतात. यांना तिथेच पाठवा. हे धुळ्यात राहिले तर जिल्ह्याचं डिझेल पुरणार नाही."

रांगेतून बाहेर पडायचा रस्ता फाटकातूनच होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नंबर लागला आणि आमची गाडी वजनकाट्यावर गेली. कापसाच्या जागी मी होतो. प्रतवारी करणाऱ्याने मला आपादमस्तक न्याहाळले आणि पुढे जायला सांगितले.

बदली झाली. जळगावला मी खरोखरच पायी कामावर जाऊ लागलो. इंधन शून्य, वेळ शून्य. मधल्या सुट्टीत घरी येता येई, दुपारच्या चहाला येता येई. घरात हजर राहून मला प्रथमच लक्षात आले की तिथे शिस्तीला पुष्कळ वाव आहे. मी स्वयंपाकघरातले डबे वर्णानुक्रमे लावून दिले. (हळद फार लांब गेली, पण नियम तो नियम.) नलिनीने तपासलेले पेपर पुन्हा तपासून दिले. पोळ्या कोणत्या क्रमाने लाटल्यास गॅस वाचतो, हे तिच्या शेजारी उभे राहून रोज समजावले.

महिनाभराने नलिनीने ताट वाढताना शांतपणे विचारले, "अहो, पती-पत्नीला एकत्र आणायचा अर्ज नाशिकला करतात. वेगळं करायचा कुठे करतात?"

प्रश्न प्रशासकीय होता. मी तिला सांगितले की अर्ज तिथेच करायचा, फक्त दोन प्रतींत.