आठ घरांची जागीर

माझ्या नेमणुकीच्या कागदावर सॅनिटरी इन्स्पेक्टर असं लिहिलेलं होतं. गावात मला संडाससाहेब म्हणत. तोंडावर नाही, पण माझी पाठ पुरती वळायच्या आत. बाजारात कुणी बायकोला विचारलं, की ती ‘कमिटीत आहेत’ एवढंच सांगायची आणि घाईघाईनं मेथीच्या जुड्या उलट्यासुलट्या करायला लागायची.

कमिटी म्हणजे म्युनिसिपल कमिटी. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, तालुक्याचं. नुकतंच राज्य बदललं होतं. काल आम्ही मध्य प्रदेशात होतो, आज मुंबई राज्यात. कागद नागपूरला जायचे ते मुंबईला जाऊ लागले आणि उत्तर यायला तेवढाच वेळ लागू लागला. संडास मात्र होते तिथंच होते.

ते टोपलीचे संडास होते. बसायच्या जागेखाली टोपली आणि मागच्या बोळीत उघडणारं पत्र्याचं झाकण. आमच्या वकील लाइनीत अशी आठ घरं होती, त्यांतलं एक माझं, भाड्याचं. रोज सकाळी बोळीतून एक बाई यायची, झाकण उचलायची, टोपली आपल्या डब्यात रिकामी करायची, डबा चुंबळीवर ठेवून बोळीच्या टोकापर्यंत चालत जायची. तिथं तिचा नवरा रेड्याची गाडी घेऊन उभा असे. पुढच्या दारातून वकील कोर्टात जायचे, मागच्या दाराशी ही यायची. पंधरा-वीस वर्षांत दोघांची एकदाही गाठ पडली नव्हती, आणि यालाच लाइनीत चांगली व्यवस्था म्हणत.

माझं काम म्हणजे ती आली का हे पाहायचं, हजेरीपटावर खूण करायची आणि फिनाइल शिंपडून घ्यायचं.

फिनाइल हा माझा धर्म होता. नागपूरच्या ट्रेनिंगमध्ये आम्हाला जंतू शिकवले होते आणि जंतूंना मारायला फिनाइल शिकवलं होतं. मी गावात आलो तेव्हा लोक त्या वासाला नाक मुरडत. दवाखान्याचा वास, अपशकुनी वास म्हणत. मी घरोघरी फिरून समजावलं. तिसऱ्या वर्षी अशी वेळ आली की बाटली संपली तर वकीलीणबाई कमिटीत चपराशी पाठवत. पाहुणे आले की त्यांना आधी संडासातलं दुधासारखं पांढरं पाणी दाखवत आणि मग चहा देत. मला फार समाधान वाटायचं. माणसाला नोकरीत कशाचं समाधान वाटेल याचा नेम नाही.

त्याच सुमारास वरून योजना आली. टोपल्या बंद करायच्या आणि सेप्टिक टँक बांधायचे. आमच्या कमिटीनं प्रयोगासाठी वकील लाइन निवडली, कारण ठराव करणारे तिथंच राहत होते. दोन घरांत एक अशा चार टाक्या. त्या वर्षभर नीट चालल्या तर पुढं सगळ्या गावाच्या टोपल्या जाणार होत्या. आठ घरांच्या बाईला बाजारओळ झाडायच्या कामावर घ्यायचं, हेही ठरावात होतं. हे कलम मी घातलं होतं. त्याबद्दल मला कुणी शाबासकी दिली नाही, कारण ते कुणी वाचलंच नव्हतं.

ही बातमी द्यायला मी बोळीत गेलो. ती डबा खाली ठेवून लांब उभी राहिली. तिची माणसं दोन पिढ्यांपूर्वी उत्तरेकडून आलेली. घरात हिंदी, आमच्याशी वऱ्हाडी. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, “म्हंजे माही जागीर जाते म्हना.”

जागीर म्हणजे ही आठ घरं. त्यांच्यात तशीच रीत होती. कोणती घरं कोणाची हे कमिटीच्या दप्तरात नव्हतं. त्यांच्या त्यांच्यात ठरलेलं होतं. सून घरात आली की पाचव्या दिवशी सासू तिला सोबत घेऊन बोळीत यायची आणि एकेक झाकण दाखवायची. हे आपलं, हेही आपलं. त्याला ‘घरं दाखवणं’ म्हणत. हिलाही तशीच दाखवली होती. देशातल्या बाकी जहागिऱ्या सरकारनं काढून घेतल्या होत्या. या जागिरीवर कोणाचा डोळा नव्हता.

मला वाटलं, बाई हक्क जातो म्हणून रडते की काय. मी बाजारओळीचं सांगू लागलो. तिनं मला मध्येच थांबवलं.

“साहेब, बाजूच्या मोहल्ल्यातले लोक नागपूरले गेलते. बौद्ध होऊन आले आन दुसऱ्या दिवसापासून मेलेली ढोरं ओढनं सोडलं. एका दिवसात सोडलं.”

ते खरं होतं. कमिटीच्या फाटकासमोर एक बैल तीन दिवस पडून होता आणि चौथ्या दिवशी त्याच्यावर तातडीची सभा झाली होती. बैल सभेला हजर होता असंच म्हणायला पाहिजे.

“आमच्यात तसं सांगनारं कोनी नाई,” ती म्हणाली. “पोराचं लगन ठरलं हाय, पुढल्या सालच्या अखजीले. सून पुसदकडची हाय, चौथी शिकली हाय. तिले म्या काय दाखवू, हे झाकन? तुमची टाकी चालली तं माह्या सुनेच्या डोक्यावर डबा येत नाई. नाई चालली तं येते. एवढंच हाय.”

“चालेल,” मी म्हणालो. “लिहून देतो.”

“लिहून कायले देता जी? चालवा.”

टाक्या उन्हाळ्यात बांधल्या. गावातला मुसलमान मिस्त्री होता, बोलायला कमी आणि हाताला पक्का. खड्डे खणताना चार हातांवर चांगला पिवळा मुरूम लागला. मिस्त्रीनं मला बोलावून दाखवला. “देखो साहब, पानी गटागट पियेगा,” म्हणाला. मग त्यानं आठही झाकणांची भोकं विटांनी बुजवून वर गिलावा केला. पहिल्या टाकीचं पाणी सोडायला अध्यक्ष आले, नारळ फुटला, खोबरं कुणी खाल्लं नाही.

ती बाजारओळ झाडू लागली. डोक्यावर चुंबळ नसलेली मी तिला तिथं पहिल्यांदा पाहिली. केस बरेच पांढरे झालेले होते. धुतलेलं लुगडं नेसून यायची. एकदा मला हाक मारून म्हणाली, “साहेब, काल भाजीवालीनं मले हातात भाजी देल्ली. वरून नाई टाकली.” मी ‘वा’ म्हणालो.

इकडं टाक्यांची काळजी मी जातीनं घेत होतो. आठ घरांना मी सहीनिशी परिपत्रक काढलं: नवीन संडासात सकाळ-संध्याकाळ फिनाइल टाकावे, आळस करू नये. लाइनीनं आळस केला नाही. वकीलीणबाई तर दुपारीही टाकत. आमच्या घरी मी स्वतः टाकायचो.

पोळ्याच्या सुमाराला हवेच्या पाइपातून वास यायला लागला. मी फिनाइल दुप्पट केलं. नवरात्रात वास पुढच्या दारापर्यंत आला. मी तिप्पट केलं. दिवाळीच्या आधी वकिलांच्या तुळशीवृंदावनाशी काळं पाणी वर आलं आणि वकीलसाहेब पहिल्यांदाच माझ्या घरी आले. चहा घेतला नाही.

यवतमाळहून इंजिनियर बोलावले. तरुण होते, नाकाला रुमाल न लावता टाकीवर वाकले. एक वास घेतला आणि मला बाजूला नेलं.

“यात फिनाइल किती टाकता?”

मी अभिमानानं आकडा सांगितला. परिपत्रकही दाखवलं.

त्यांनी ते वाचलं, घडी करून परत माझ्या हातात दिलं. “अहो, टाकीत मैला कोण जिरवतं? जंतूच जिरवतात. ते सगळे तुम्ही मारून टाकले. आता तिथं काम करायला कोणी उरलेलंच नाही.”

जंतूंना मारायचा मी आठ वर्षं पगार घेत होतो. ते कमिटीच्याच कामावर होते हे मला त्या दिवशी कळलं.

“घाबरू नका,” इंजिनियर म्हणाले. “उपसून घ्या, पाटीभर शेण कालवून टाका, फिनाइल बंद करा. तीन महिन्यांत लागतील चालायला. तसा रिपोर्ट द्या, म्हणजे झालं.” आणि ते दुपारच्या मोटारीनं निघून गेले.

रिपोर्ट मला द्यायचा होता. मी टेबलाशी बसलो, समोर परिपत्रकाची प्रत, खाली माझी सही. वकील लाइनीत तीन वकील होते आणि तिघांनाही सही वाचता येत होती. मग लिहिलं: सदर भागातील जमीन काळ्या मातीची असून पाणी शोषून घेत नाही, सबब टाक्या निरुपयोगी.

एवढंच. काळ्या मातीला दोष दिला तर ती काही उलट बोलत नाही. आमच्या जिल्ह्यात तर कपाशी ते कर्तबगारी, सगळं काळ्या मातीवर ढकलायची जुनी सवय आहे. सभेत माझा रिपोर्ट एकमतानं मंजूर झाला. अध्यक्ष म्हणाले, आपल्या भागाला असले विलायती प्रकार मानवत नाहीत. योजना बंद. बाजारओळीची जागाही बंद, कारण ती योजनेतली होती.

मिस्त्रीला बोलावून भोकं पुन्हा उघडून घेतली. स्वतः केलेला गिलावा तो छिन्नीनं काढत होता. तिनं आणि तिच्या नवऱ्यानं चारही टाक्या हातानं उपसल्या. तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी ती डबा घेऊन बोळीत आली. मी हजेरीपटावर खूण केली. तिनं काही विचारलं नाही, आणि मला वाटलं, बरं झालं, सुटलो.

अखजी, म्हणजे अक्षय तृतीया, झाली. लग्नाचं बोलावणं मला नव्हतं. लग्नाच्या पाचव्या दिवशी सकाळी मी हजेरीपट घेऊन बोळीच्या तोंडाशी गेलो तर सासू-सुना दोघी उभ्या होत्या. सुनेच्या हाताची हळद अजून उतरली नव्हती. हातात नवा कोरा डबा होता. सासूचे हात रिकामे होते.

“ही माही सून,” ती म्हणाली. “माही कंबर त्या टाक्यायनं गेली. आजपासून हे करन.”

मी मान डोलावली. हजेरीपट उघडला.

“साहेब, मिस्त्री म्हने, तिथं काळी माती नाई. मुरूम लागलता. तुमाले दाखोला होता म्हने.”

मी पेन उघडलं, बंद केलं. तिचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मलाही चढवता आला असता.

“काहून लिहिलं तसं, ते म्या नाई इचारत. पन माह्या सासूनं मले घरं दाखोली, तवाच म्या मनात म्हनलं होतं का आपून आपल्या सुनेले दाखवाचे नाई. म्या नाई दाखवत.” तिनं सुनेला खांद्याला धरून हलकेच पुढं केलं. “तुमीच दाखवा.”

आणि ती वळून चालायला लागली.

मी तिला थांबवू शकलो असतो. तसा नियम होता: कामगारानं कामाची जागा सोडून जायची नाही. पण मी त्या मुलीच्या पुढं झालो आणि बोळीत शिरलो. तिनं पदर नाकावरून बांधून घेतला होता. मी बोट करून म्हणालो, “हे.” ती वाकली. मी पुढं जाऊन थांबलो. “हे.” मध्येच ती गाडीपर्यंत जायची, परत यायची, मी तोवर पत्र्याकडं पाहत उभा राहायचो. सकाळची कामं चालू होती. आतून वकीलीणबाईंच्या पूजेची घंटी ऐकू येत होती. कुणी मागचं दार उघडून पाहिलं नाही. मला त्या बोळीत, त्या मुलीसमोर, इतकी लाज वाटली की तशी पुढं आयुष्यात कधी वाटली नाही. आणि ती कुणाला दिसली नाही हे मला तेव्हाही बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

बोळीच्या शेवटाजवळ मी हजेरीपट काखेत मारला. “झालं,” म्हणालो.

ती जागची हलली नाही. तिनं बोटांवर मोजलं, मग पुन्हा मोजलं. चौथी शिकलेली होती.

“सात झाले जी,” ती म्हणाली. “सासूबाईनं आठ सांगलते. आठवं कोनतं?”

मी तिला माझ्या घराच्या मागं नेलं आणि झाकण दाखवलं.