साच्यातली सुट्टी

रेशन दुकानातल्या राउटरचा दिवा रविवारी लाल असतो. बिघाड काही नाही. जिल्ह्याच्या कचेरीसाठी सेटिंगचा एक साचा बनवला आणि तोच प्रत्येक दुकानाच्या राउटरमध्ये भरला. कचेरीला रविवारी सुट्टी, म्हणून इथल्या नेटलाही सुट्टी. आमचा आठवडी बाजार मात्र रविवारी. पाड्यांवरची माणसं त्याच दिवशी खाली उतरतात.

काल वरच्या पाड्यावरच्या सखूमावशीने दुकानातल्या अंगठ्याच्या मशीनवर तीनदा अंगठा दाबला. नेट नाही, म्हणून धान्य नाही. "माझाच अंगठा झिजला असंल गं," ती मला म्हणाली आणि तो पदराला पुसू लागली.

राउटरवर चिकटवलेल्या नंबरवर मी त्याच्या इंजिनिअरला फोन लावला.

"मॅडम, एका दुकानासाठी साचा बदलत नसतो. एकदा बनवायचा, सगळीकडे वापरायचा. किती सोपं झालंय!"

कोणाला सोपं झालंय, साहेब? साचा बनवताना जिचा विचारच झाला नाही, ती बाई स्वतःच्या हातात खोट शोधते आहे. मला चीड येते ती याची.

"उद्या या, मावशी," दुकानदार म्हणाला.

"उद्या मजुरीला तू जाशील का रं माझ्या जागी?"

तो हसला. मावशीने रिकामी पिशवी घडी घालून कमरेला खोचली आणि डोंगराची वाट धरली.