भाभी दिब्ब्याजवळ राहिली

कॅरॅव्हॅन आणली त्या दिवशी मी ह्यांच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही. शारजात मुलाच्या बिल्डिंगसमोरच्या वाळूच्या पार्किंगमध्ये ती उभी होती. पांढरी, कडांना गंज चढलेली, एका खिडकीला काचेऐवजी प्लायवूड. देश सोडून निघालेल्या एका इंग्रज इंजिनिअरची होती म्हणे. हे खाली पाइप लावून तिला धूत होते आणि मी गॅलरीतून बघत होते. नात शेजारी येऊन म्हणाली, "आजी, इज इट अ हाऊस ऑर अ कार?" मला तरी कुठे ठाऊक होतं.

हे अबुधाबीत एका कंपनीच्या वर्कशॉपमध्ये मोठ्या गाड्यांचे फोरमन होते. निवृत्त झाले तसा कंपनीचा व्हिसा संपला आणि आम्ही मुलाच्या व्हिसावर शारजाला त्याच्या फ्लॅटमध्ये आलो. दोन बेडरूम, एकीत मुलगा-सून, दुसरीत नात, आणि हॉलमध्ये आम्ही दोघं. मुलगा-सून चांगलीच होती. पण सकाळी सगळे कामावर, शाळेत गेले की हे सोफ्यावर नुसते बसून राहायचे. टीव्हीसुद्धा लावायचे नाहीत. मी म्हणायची, "चला, सांगलीला जाऊ, आपलं घर आहे." हे म्हणायचे, "तिथे कोण ओळखतं मला आता?" ते खरंच होतं. उभं आयुष्य ह्यांनी इथल्या उन्हात काढलं होतं.

म्हणून मग कॅरॅव्हॅन. उन्हाळा ओसरला, हवा सुसह्य झाली की आमच्या जुन्या जीपला ती जोडायची आणि निघायचं. कधी उम्म अल क्वैनच्या खाडीकाठी, कधी रास अल खैमाकडे, आणि बहुतेक वेळा डोंगर ओलांडून पलीकडे, खोरफक्कान आणि दिब्बा यांच्या मधल्या एका किनाऱ्यावर. मागे काळेभोर डोंगर, पुढे समुद्र, आणि मधल्या पट्टीवर दर हिवाळ्यात येऊन थांबणाऱ्या दहाबारा गाड्या. बहुतेक गोरी जोडपी. एक लेबनानी म्हातारा, त्याच्यासोबत दोन मांजरं. पाणी जवळच्या गावातल्या मशिदीच्या नळावरून कॅनमध्ये भरून आणायचं. संडासाचा डबा ओतायला लांब जायचं. पहिल्या आठवड्यात मी रडले होते. हे मात्र उजाडताच उठून कुणाची बॅटरी बघ, कुणाचा गॅसचा पाइप बदल, असे ह्या गाडीतून त्या गाडीत फिरायचे. नोकरी लागल्यासारखे.

तिथेच भाई आणि भाभी भेटले. एका जुन्या मिनीबसच्या सीटा काढून त्यांनी आत बाक, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवली होती. मी दोरीवर लुगडं वाळत घालत होते. मागून आवाज आला, "वैनी, तुमी सांगली-कोल्हापूरकडच्या काय?" वळून बघते तर डोक्यावर ओढणी घेतलेली, हातात बांगड्याची थाळी धरलेली बाई. रत्नागिरीच्या खाडीकाठची. तिचा नवरा टग बोट चालवणारा सारंग होता. निवृत्तीनंतर त्याच्या अरबाबने, म्हणजे जुन्या अरब मालकाने, आपल्या छोट्या धंद्याच्या नावावर त्याचा व्हिसा चालू ठेवला होता. दोन मुली, दोघी रत्नागिरीत दिलेल्या. मी बांगडा खात नाही म्हटल्यावर भाभी म्हणाली, "मग काय खाता, वाळू?" आणि इतकी हसली की मलाही हसू आलं. कितीतरी महिन्यांनी.

पुढचे काही हिवाळे आम्ही चौघांनी एकत्रच काढले. माझ्यासाठी ती बेसनाचं पिठलं शिकली, मी तिच्याकडून तांदळाची भाकरी. दुपारी आम्ही दोघी बसच्या सावलीत बसायचो आणि ती मुलींबद्दल बोलायची. धाकटीला मूल होत नव्हतं, त्याचा तिला घोर होता. पुरुष दोघं समुद्राकडे तोंड करून खुर्च्या टाकायचे. गाड्यांबद्दल बोलायचे, नाहीतर काहीच नाही.

एका वर्षी धैदवरून मसाफीमार्गे निघालो. आमची जीप पुढे, भाईंची बस मागे. मसाफीच्या रस्त्याकडेच्या बाजारात आम्ही नेहमी थांबायचो. भाभीने रोपं विकणाऱ्याकडून पुदिन्याची कुंडी घेतली. मग छातीवर हात ठेवून म्हणाली, "वैनी, आंबट ढेकर येतायत. सकाळी पराठे खाल्ले ना, ह्येंच्या आग्रहानं." मी म्हटलं, "सुलेमानी घे, काळा चहा, लिंबू पिळून." ती अर्धा कप प्यायली. रंग उतरला होता तिचा, पण तिथे ऊन होतं, सगळ्यांचेच चेहरे तसे दिसत होते. "जास्त होतंय का? दवाखान्यात जाऊया?" असं मी विचारलं. तिने कुंडी उचलली आणि म्हणाली, "यल्ला, चला. तिथं पोचून आडवी होते."

किनाऱ्यावर पोचून हे जीपमधून उतरले. भाईंनी बस आमच्या शेजारी लावली, इंजिन बंद केलं आणि खिडकीतून ओठांवर बोट ठेवून हळूच म्हणाले, "झोपलीय. मोठ्यानं बोलू नका."

मी दुसऱ्या बाजूने गेले. तिचं डोकं काचेला टेकलेलं होतं, कुंडी मांडीवर कलली होती, माती ओढणीवर सांडलेली. मी हाक मारली. मग खांद्याला हात लावला. भाई स्टिअरिंगमागून बघत होते. माझ्या तोंडाकडे बघूनच त्यांना कळलं असावं. म्हणाले, "नाय. आत्ता बोलत होती. बोगद्यासारख्या वळणापाशी बोलत होती."

सरकारी हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, हार्ट. रस्त्यातच. पोलीस आले, चार प्रश्न विचारले, चांगले वागले. अरबाबने दुबईहून फोन केले म्हणून कागद भराभर झाले. आता प्रश्न एवढाच होता की तिला न्यायचं कुठे.

हॉस्पिटलबाहेरच्या फोनबूथमधून भाईंनी मुलींना फोन लावला. ह्यांनी त्यांच्यासाठी फोनचं कार्ड धरलं होतं. पलीकडचं रडणं बाहेर मलासुद्धा ऐकू येत होतं. थोरली म्हणत होती, "अम्मीला घेऊन या. अब्बा, आम्हाला तोंड तरी बघू दे." भाई ऐकत राहिले. मग म्हणाले, "चार-पाच दिवस बर्फात ठेवतील. मग पेटीत, विमानाच्या पोटात, सामानासारखी. मला नाय जमणार ते, बेटा." थोरलीने फोन ठेवला. भाई बूथमध्येच उभे राहिले, रिसीव्हर कानाला लावून.

ह्यांनी विचारलं, "भाई, नक्की ना? पुन्हा विचार करा. आपल्याला इथे कायमचं कोण राहू देणार?"

"तिला तर देतील," भाई म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर किनाऱ्यालगतच्या त्या गावातच तिला दफन केलं. गावातल्या बायकांनी तिला अंघोळ घातली. मी दाराबाहेर पायरीवर तिच्या कपड्यांची पिशवी घेऊन बसले होते. उमरा करून मक्केहून येताना आणलेलं स्वतःचं कफन ती बसच्या बाकाखाली जपून ठेवत असे, हे मला त्या दिवशी कळलं. भाईंना ठाऊक होतं. ते बसमधून कफनाची पिशवी घेऊन आले, मला दिली, मी आतल्या बाईकडे दिली. तिने माझा हात दाबला. आमच्या दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती.

कबरस्तानात बायका जात नाहीत. मी बुटक्या भिंतीबाहेर उभी राहिले. हे माणसांच्या मागे मागे आत गेले. परत आले तेव्हा ह्यांच्या गुडघ्यांना माती होती.

त्यानंतर भाई शारजाला, अजमानला, कुठेच गेले नाहीत. उन्हाळ्यातसुद्धा. बसचा पत्रा हात लावता येणार नाही इतका तापायचा आणि हा माणूस मशिदीच्या एसीत दुपार काढून संध्याकाळी परत यायचा. गावातले कोळी त्यांना मासे देत. आम्ही हिवाळ्यात गेलो की चौथी खुर्ची आम्ही घडी करूनच ठेवायचो. भाई भाकरी स्वतः थापायचे, जाड व्हायची. कबरीवर काही नाव वगैरे लिहावं असं ह्यांनी सुचवून पाहिलं. "तसा रिवाज नाय इथं," भाई म्हणाले. "डोक्याशी दगड, पायाशी दगड. मला ठाऊक हाय ती कुठं हाय."

पुढे अरबाब वारला. त्याच्या मुलांनी तो धंदाच बंद केला. वाईट कोणी वागलं नाही. एक मुलगा स्वतः किनाऱ्यावर आला, भाईंच्या बसमध्ये बसून चहा प्यायला आणि म्हणाला की अंकल, आता व्हिसा खलास. भाई आम्हाला सांगताना म्हणाले, "पोरगा रडत होता ओ. मीच त्याला समजावलं."

जायच्या सकाळी ते कबरस्तानात गेले आणि बराच वेळ आले नाहीत. शेवटी ह्यांनी जाऊन त्यांना आणलं. शारजा एअरपोर्टपर्यंत जीपमध्ये भाई मागे बसले होते. मसाफीपाशी ह्यांनी सवयीने गाडी हळू केली. भाई म्हणाले, "थांबू नका."

बस भंगारात गेली. आमच्या मुलाने खटपट करून एकदा त्यांना व्हिजिट व्हिसावर बोलावलं. आमच्या कॅरॅव्हॅनच्या कनातीखाली खाटेवर झोपायचे. हडकले होते. मुली बोलतात का, असं मी विचारलं. "धाकटी बोलते," म्हणाले. "थोरली जेवायला वाढते, बोलत नाय." परतताना म्हणाले, "पुढच्या वर्षी पुन्हा येतो, इन्शाल्ला." पण पुढच्या वर्षी त्यांना विमानात बसायची डॉक्टरांनी मनाई केली.

त्या हिवाळ्यात डोंगरात जोराचा पाऊस झाला. कोरड्या वाद्यांना, म्हणजे तिथल्या ओढ्यांना, लोंढे आले, रस्ता वाहून गेला. बातमी रत्नागिरीपर्यंत पोचली असावी. भाईंचा फोन आला, "भाऊ, तेवढं तिच्याकडं बघून या."

रस्ता सुरू होताच आम्ही गेलो. मी कबरस्तानाच्या भिंतीपाशी थांबले. भिंत एका बाजूने ढासळली होती. हे आत गेले, ओळींमधून फिरले, थांबले, परत फिरले. लोंढ्याबरोबर आलेले गोटे सगळीकडे पसरले होते. कुठला दगड कुणी लावलेला आणि कुठला पाण्याने आणलेला, हे कळायला मार्ग नव्हता. गावातला एक म्हातारा आला, त्यानेही हाताने एक सगळी बाजूच दाखवली. हे बाहेर येऊन चप्पल घालताना म्हणाले, "नाही ओळखता येत गं." ह्यांना गाडी चालवता येईना म्हणून आम्ही तिथेच बसून राहिलो.

मी म्हटलं होतं, खोटं सांगा, सगळं ठीक आहे म्हणा. हे म्हणाले, "भाईंना खोटं कसं सांगू?" आणि फोनवर सरळ सांगितलं. मग भाईंनी इकडे पाऊस किती झाला ते विचारलं, ह्यांच्या गुडघेदुखीबद्दल विचारलं, जीपचा क्लच बदलला का विचारलं. ह्यांनी सगळ्याची उत्तरं दिली.

त्यानंतरच्या हिवाळ्यात किनाऱ्याला पत्रे लागले. हॉटेल होणार होतं. लेबनानी म्हातारा त्याआधीच मुलाकडे निघून गेला होता, गोरी जोडपीही पांगली. कॅरॅव्हॅन शारजाच्या एका यार्डात उभी राहिली. टायर बसले, ह्यांची साखर वाढली, मुलाला कॅनडाचे कागद मिळाले. आम्ही सांगलीला आलो.

भाई गेल्याचं धाकटीने कळवलं तेव्हा दिवस होऊन गेले होते. तरी आम्ही रत्नागिरीला गेलो. दार थोरलीने उघडलं. आम्ही कोण ते कळल्यावर तिचा चेहरा आवळला, पण आत या म्हणाली. हे बाहेरच्या खोलीत जावयाशी बोलत बसले. ती मला स्वयंपाकघरात घेऊन गेली, चहा ठेवला आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "तुम्ही होतात ना तेव्हा? अम्मीला त्रास झाला का?"

मी सांगितलं. आंबट ढेकर, सुलेमानी, यल्ला चला म्हणाली ते, कुंडी. सगळं सांगितलं. ती गॅस बंद करून ऐकत राहिली.

"आणि ती जागा कशी आहे?"

"समुद्र दिसतो," मी म्हटलं. "मागे डोंगर आहेत."

"झाड?"

"नाही. झाड नाही."

तिने मान हलवली. मग चहा पुन्हा गरम करायला ठेवला, आणि तोंडातल्या तोंडात दुआ म्हणत कपाटातून कप काढू लागली.