रॅमवरचा लाल ठिपका

शेवंता गेली त्या दिवशी दुपारी सांगलीच्या दवाखान्यात मी तिच्या खाटेशेजारी मोसंबी सोलत बसलो होतो. नाकात नळी होती, बोलू देऊ नका असं डॉक्टरांनी मला बजावलं होतं. माणसं शेवटी देवाचं नाव घेतात, लेकराबाळांना डोळे भरून बघतात असं ऐकून होतो. आमच्या बाईनं नळी बोटानं जरा बाजूला केली आणि विचारलं, "आवं, त्या प्रमोदकडं गेला हुता का?" मी म्हणालो, "अगं, ते आत्ता कशाला?" तर म्हणते, "आत्ताच. तुमी सांगलीतच हाय न्हवं? त्याला वाटंल, म्हातारी आजारी पडली, आता इसरली." एवढं बोलून तिनं डोळे मिटले. मी फोड हातात धरून बसून राहिलो... दिवस मावळताना डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं.

प्रमोद म्हणजे सांगलीत कॉम्प्युटर जोडून देणारा दुकानदार. आमचा नात्याचा ना गोत्याचा. पण माझ्या बायकोचं शेवटचं बोलणं त्याच्याविषयी झालं, म्हणून त्याच्यासकट सगळं लिहितोय. मी सातवी शिकलेला माणूस, जन्मभर तासगावातून बेदाण्याच्या पेट्या टेंपोनं वाहिल्या. साताऱ्याची लेक म्हणाली, आबा, आईवर तुम्हीच लिहा, तुम्ही गोड करून लिहिणार नाही. खरं आहे. शेवंता गोड नव्हतीच.

ती म्हसवडकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. तिचा बाप मेंढरं घेऊन चार-चार महिने परमुलखात फिरायचा. दोन कळप एका रानात बसले की मेंढरं एकमेकांत मिसळतात, आणि सकाळी ज्याचं त्याचं निवडायचं तर खूण लागते. कुणी कानाला कात्री मारतो, कुणी पाठीवर रंगाचा पट्टा ओढतो. बापानं तिला एकच शिकवण दिली होती, आपलं जित्राब दुसऱ्याच्या हाती द्यायच्या आधी त्याला खूण कर, मग जगाला राम राम घाल. मेंढरं गेली, आम्ही तासगावात आलो, खूण काही सुटली नाही. गिरणीत दिलेल्या डब्याच्या कडीला तिचा हिरवा दोरा असायचा. सायकल पंक्चरला दिली तर सीटखाली खडूची रेघ. सिद्धनाथाच्या यात्रेत देवळाबाहेर चपला काढल्या तर माझ्या चपलेच्या अंगठ्याला गाठ मारून यायची. मी म्हणायचो, "देवाच्या दारात तरी इश्वास ठेव की गं." ती म्हणायची, "देवावर हाय. दारातल्या माणसांवर न्हाई."

ब्लाउजवर मशीनची कशिदाकारी हा तिचा धंदा. लेकीनं तिला कॉम्प्युटरवर नक्षी काढायला शिकवलं आणि पन्नाशी उलटलेल्या बाईनं ते असं उचललं की सांगलीच्या बायका रिक्षा करून आमच्या घरी कापड टाकायला यायला लागल्या. पडद्यावर नक्षी काढायची, पेनड्राइव्हनं मशीनला द्यायची, मशीन खडाखडा भरून काढायचं. पण कॉम्प्युटर जुना. मोराच्या पिसाऱ्यापर्यंत यायचा आणि थिजायचा. लग्नसराई तोंडावर आली आणि तिनं ठरवलं, आतलं सगळं नवं घालायचं. तेव्हाच नेमका बाजार पेटला होता. रॅम म्हणून एक पट्टी असते, शाळेतली फुटपट्टी अर्धी मोडावी एवढी, तिच्याशिवाय कॉम्प्युटर सुरूच होत नाही. तिचा भाव आज एक, उद्या दुसरा. आम्ही चौकशी करून घरी आलो तोवर वाढलेला.

प्रमोदच्या दुकानात आम्ही गेलो तेव्हा तो म्हणाला, "काकू, मी काय करू? वरनंच माल येईना. ते एआयवाले मोठ्या कंपन्यांकडनं सगळा माल उचलायला लागलेत. आपल्याला उरलंसुरलं." शेवंतानं पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाली, "बाळा, आमचे मालक बेदाणा वाहत हुते. गोदाम छतापातूर भरलेलं, आन् व्यापारी दारात हुबा ऱ्हाऊन सांगायचा, माल न्हाई वं, माल न्हाई. तुझी माडी दाव बघू." प्रमोद हसला. त्याला वाटलं, थट्टा आहे. ती जिन्याकडे चालायला लागली तेव्हा त्याचं हसू गेलं. माडीवर रिकामी खोकी आणि त्याच्या आईचं वाळवण निघालं. खाली येऊन मला हळूच म्हणाली, "दुसरीकडं ठिवला आसंल."

शेवटी माल त्याच्याकडूनच घेतला. घेतल्यावर तिनं पिशवीतून लाल नखपॉलिशची बाटली काढली. जन्मात कधी नखाला लावलं नाही, ही बाटली फक्त खुणेसाठी घेतली होती. प्रत्येक भागाला एकेक ठिपका. प्रमोद कपाळावर हात मारून म्हणाला, "काकू, गॅरंटीचा माल हाय, रंगवू नका." ती म्हणाली, "गॅरंटीचा हाय म्हून तर. उद्या तुज्याकडंच परत येणार न्हवं? तवा माझा माझ्याच हाती पडाय पायजे." रॅमच्या पट्टीवर कागदाचं लेबल होतं, नंबर छापलेलं. त्याच्या कोपऱ्यात तिनं ठिपका दिला. मी शेजारी उभा होतो. कोपऱ्यातच दिला. मग प्रमोदचं जोडून होईपर्यंत स्टुलावर बसून राहिली, नजर त्याच्या हातावर. प्रमोद मला म्हणाला, "काका, घरी पण अशाच बघतात का हो?" मी म्हणालो, "मला तर झोपेत पण बघती."

दोन-अडीच महिने मशीन पळालं. मोराचा पिसारा एका दमात. शेवंता गुणगुणायला लागली होती, हे मी लग्नानंतर फार कमी वेळा ऐकलं. मग एक दिवस कॉम्प्युटर नुसता गुरगुरला आणि पडदा काळाच राहिला. प्रमोद म्हणाला, रॅम गेली, जुनी इथं बसत नाही, खाच वेगळी असते, कंपनीला पाठवू, बदलून फुकट मिळेल. पाठवली. तोवर बाजारात तिचा भाव तिप्पट झाला होता. आणि मग तीच पट्टी कंपनीकडून परत आली. लेबलवर नखपॉलिश पसरलेलं, नंबर वाचता येईना, म्हणून बदली नाकारली.

त्या दिवशीचं दुकानातलं बोलणं मला अजून ऐकू येतं. प्रमोद म्हणाला, "काकू, मी सांगितलं हुतं, रंगवू नका. आता नंबरच दिसत नाही." शेवंता म्हणाली, "नंबर दिसत न्हाई, पन माजी खूण दिसतीया. मी कोपऱ्यात टाकलीती. ही मधे कशी आली?" "वाटेत कुठं घासली असंल." "वाळल्यालं पॉलिश घासतंय व्हय रं? कुणीतरी वरनं फासलंय. तिप्पट भाव झाला, आन् माजी फुकटची बदली नेमकी आडली!" तो लालबुंद झाला. म्हणाला, "माझ्या दुकानात मला चोर म्हणताय?" ती म्हणाली, "म्या कुणाचं नाव घेतलं न्हाई. तूच घेतलंस." गिऱ्हाइकं बघत होती. मी तिला दंडाला धरून बाहेर आणलं. खरं सांगायचं तर मलाही तो ठिपका कोपऱ्यात दिसला होता. म्हणजे मला तसं वाटतं... आता ती नाही, तर आणखीच पक्कं वाटतं.

नवी घ्यायची तर लग्नसराईची सगळी कमाई तीतच गेली असती. मी म्हणालो, घेऊ. ती म्हणाली, "त्याच्या घशात घालू?" दुसरं दुकान म्हणालो, तर म्हणाली, सगळे एकाच माळेचे. मग तिनं लोकांची कापडं परत केली. एकेक घडी घालून, स्वतः दारोदार जाऊन. एका पोरीची आई म्हणाली, "मावशी, तुमच्या हातचाच पायजे हुता." शेवंता घरी येऊन मशीनवर चादर टाकून बसली. पुढं महिन्याभरात छातीत कळ आली. त्याचा आणि याचा संबंध मी जोडत नाही, डॉक्टर म्हणाले जुनं दुखणं होतं. पण दवाखान्यातही तिचं तेच चाललं होतं. बदलीत आलेली नवी पट्टी प्रमोदनं ढापली का नाही ढापली.

कार्य उरकून पाहुणे गेले, लेक तेवढी राहिली होती, आणि प्रमोद दारात उभा. भर उन्हात सांगलीहून स्कूटरवर आलेला. खिशातून कागदात गुंडाळलेली पुडी काढली. नवी कोरी रॅम. म्हणाला, "काका, कंपनीनं पाठवली शेवटी. मी मागं लागलोतो." मी पुडी हातात घेतली नाही. विचारलं, "एकदा नाही म्हटलेली कंपनी परत हो म्हणती?" तो म्हणाला, "कधीकधी म्हणते." "कागद दाव कंपनीचा." "कागद दुकानात राहिला." "मग तूच घातलीस का पदरची? का पहिल्यापासनं तुझ्याकडंच हुती?" लेक ओरडली, "आबा!" प्रमोदनं पुडीचा कागद परत गुंडाळला. मग म्हणाला, "काका, तुम्हाला यातलं काय ऐकायचंय, ते सांगा. मी तेच म्हणतो."

मी दारातून बाजूला झालो. तो आत आला, कॉम्प्युटर उघडला, पट्टी बसवली. मी त्याच्या हातावर नजर ठेवून उभा राहिलो. लेकीनं चहा केला, तो त्यानं उभ्यानंच घेतला आणि गेला.

तेव्हापासून मी एकच गोष्ट उलटीपालटी करतोय. कंपनीनं खरंच पाठवली असेल, तर मग प्रश्नच मिटला, पण मला ते पटत नाही. त्यानं पदरचे पैसे घातले असतील, तर माणूस भला आहे, आणि माझ्या बायकोनं एका भल्या माणसाला चारचौघांत चोर ठरवलं, आणि तोच राग उरात घेऊन ती गेली. त्यानं ढापली असेल आणि मेलेल्या बाईच्या भीतीनं परत आणली असेल, तर तो चोर आहे आणि शेवंता खरी. लोक मला म्हणतात, भला विचार करा. नाही करणार. मला तो चोरच हवा आहे. माझी बायको खोटी पडण्यापेक्षा सांगलीतला एक दुकानदार चोर निघालेला मला चालेल. कुणाला हे वाईट दिसत असेल तर दिसू द्या.

कॉम्प्युटर मात्र सुरू झाला. प्रमोदनं बटण दाबलं तेव्हा पडदा उजळला, शेवंताचं नाव आलं, आणि खाली एक रिकामी चौकट, पासवर्ड मागणारी. लेकीनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. लेकीनंच शिकवलं, पण तिलाही माहीत नाही. शेवंता तो टाकताना पदर आडवा धरायची, आणि मी समोर असलो तर म्हणायची, जरा बाहेर बघून या बरं, कोण आलंय. कोणी आलेलं नसायचं. मी जाऊन बघून यायचो. प्रमोद म्हणाला होता, काका, काढून टाकतो, पाच मिनिटांचं काम. मी म्हणालो, हात लावायचा नाही.

लेक म्हणते, आईच्या सगळ्या नक्षी आत आहेत, उघडू द्या. असू देत आत. तिला सांगायचं असतं तर सांगितलं असतं. आता सकाळी आंघोळ झाली की मी चादर काढतो, पडदा पुसतो, बटण दाबतो आणि चहाचा कप घेऊन समोर खुर्ची टाकून बसतो. चौकट येते. आतली ती बारीक रेघ उघडझाप करत पासवर्ड विचारत राहते. मी चहा पितो, बाहेर कोण आलंय का बघतो, परत येऊन बसतो. मला तो माहीत नाही, हे तिला कळू देत नाही.