ऋचाचं औषधाचं दूध

नॉटिंगहॅमला फोन मीच केला. अनघा माझी पुण्यातल्या कॉलेजपासूनची मैत्रीण, आणि तिची चोवीस वर्षांची लेक ऋचा दुपारी माझ्या घरातून ॲम्ब्युलन्सने गेली होती, ती परत येणार नव्हती. "तुम्ही दोघं लगेच निघा," एवढंच बोलले. पुढचं तिनं ओळखलं... त्याला आता सहा आठवडे झाले.

ऋचाला दूध चालत नसे. म्हणजे पोट बिघडे असं नव्हे, एका थेंबानंही घसा सुजायचा. आपल्या लोकांना हे पटवताना अनघानं हात टेकले होते. साजूक तूप म्हणजे काही दूध नव्हे, असं एकदा मीही तिला ऐकवलंय. नोकरीसाठी ऋचा आमच्या ब्रॅकनेलला आली आणि शनिवार-रविवार माझ्याकडेच पडीक असायची. त्याच सुमारास एका नव्या उपचाराच्या चाचणीत तिनं नाव घातलं. रोज घरीच ठरल्या वेळी मोजून दूध प्यायचं, अगदी थेंबापासून सुरुवात, आणि वाढवायचं ते मात्र हळूहळू, डॉक्टरांच्या समोर बसून, म्हणजे शरीराला सवय होते. "एवढी श्रीखंडाची हौस?" मी चिडवलं. ती हसली. "मावशी, श्रीखंड नकोय मला. कुणी चुकून तोच चमचा वापरला तर मी मरू नये, दॅट्स ऑल." मला तिचं कौतुक वाटे आणि भीतीही. तापात डोस नाही, डोसनंतर लगेच व्यायाम नाही, उपाशीपोटी तर नाहीच, हे नियम तिनं मला पाठ करायला लावले होते.

गणपतीच्या दिवशी वेम्बलीहून येणारे गुरुजी ट्रॅफिकमध्ये अडकले. नैवेद्य लांबला. ऋचा स्वयंपाकघरात आली. "मावशी, डोसची वेळ झालीये. थोडंसं खाऊ? भूकपण लागलीये." मी आरतीचं तबक लावत होते. नैवेद्याआधी कुणी जेवायचं नाही, हे माझ्या अंगात इतकं मुरलेलं, की मी वळूनही न बघता म्हटलं, "थांब गं, येतीलच आता." ती थांबली. डोस मात्र तिनं वेळेवर घेतला, मला न सांगता. चुकला तर पुन्हा मागे जावं लागेल, ही तिची धास्ती. गुरुजी आले, पूजा सुरू झाली, आणि ऋचा उभ्या जागी खाली बसली. कुणीतरी तिच्या पर्समधलं ॲलर्जीचं इंजेक्शन टोचलं, दुसरं टोचलं, ॲम्ब्युलन्स आली... मी नुसती तिचा हात धरून बसले होते.

नेमकं कशानं झालं ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्या वाक्यामागे मी लपले. अंत्यविधीनंतर अनघानं एकच विचारलं, "ती जेवली होती ना?" मी होकाराची मान हलवली. खरं सांगायचा धीरच झाला नाही.

माझ्या फ्रीझरमध्ये एक डबा आहे. त्यात तेलाचा हात लावून वळलेले पाच मोदक आहेत, तिच्यासाठी सकाळीच वेगळे करून ठेवलेले. ते टाकवत नाहीत. अनघा, ती जेवली नव्हती. तिनं मला विचारलं होतं. मी थांब म्हटलं.